उभे राहून बोलण्याची परीक्षा

विद्यापीठात ज्ञान पारखण्याची सर्वांत जुनी रीत तोंडी आहे. पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड, केंब्रिज या मध्ययुगीन विद्यापीठांत पदवीची वाट जाहीर वादातून जात असे. विद्यार्थ्याने एक सिद्धान्त मांडायचा, प्रतिपक्षाने त्यावर आक्षेप घ्यायचे, विद्यार्थ्याने ते लॅटिनमध्ये, उभ्या उभ्या, भर सभेत परतवायचे. आपल्याकडचा शास्त्रार्थ याच जातीचा. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही चौकट मुखोद्गत विद्येवर उभी होती, आणि पंडिताची योग्यता सभेतच ठरत असे.

अशा व्यवस्थेत कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हे शरीरावर बरेच अवलंबून असते. पाठांतरावर चालणाऱ्या विद्येत अंध माणसाला जागा होती, कारण पाहून वाचण्याची गरजच कमी. अडखळत बोलणाऱ्याला मात्र तिथे थारा नव्हता आणि कर्णबधिराचा तर प्रश्नच कोणी विचारत नसे. आज महाविद्यालयात पाच-सहा जणांच्या गटाने पडद्यासमोर उभे राहून जे ‘प्रेझेंटेशन’ द्यायचे असते, ते या जुन्या सभेचेच वंशज आहे. अपंग विद्यार्थ्यांसमोरच्या अडचणीही तितक्याच जुन्या आहेत. फक्त दर शतकात त्यांची बाजू बदलत गेली.

केंब्रिजच्या इतिहासातले निकोलस सॉन्डरसन यांचे उदाहरण इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. यॉर्कशायरमध्ये १६८२ साली जन्मलेल्या सॉन्डरसन यांची दृष्टी साधारण वर्षाचे असताना देवीच्या साथीत गेली. १७०७ मध्ये ते केंब्रिजला आले, पण विद्यार्थी म्हणून त्यांची रीतसर नोंद झाली नाही. ख्राइस्ट्स कॉलेजमध्ये राहून ते गणित आणि न्यूटनचे प्रकाशशास्त्र शिकवू लागले. रंग कधीच न पाहिलेला माणूस रंगांवर व्याख्याने देतो, याचे लोकांना अप्रूप वाटे आणि वर्ग भरलेले असत. १७११ मध्ये राणी अ‍ॅन हिच्या हुकमाने त्यांना एम.ए. देण्यात आली आणि लगोलग गणिताचे ल्यूकेशियन प्राध्यापकपद मिळाले. आधी न्यूटन ज्या आसनावर होते, तेच हे आसन. थोडक्यात, परीक्षेची पायरी चढायला न लावता त्यांना थेट माडीवर नेण्यात आले. नियम कोणी बदलला नाही. अपवाद तेवढा केला.

त्यांचे साधन मोठे चतुर होते. एका पाटीवर लहान लहान चौकोन आखलेले असत आणि प्रत्येक चौकोनात नऊ भोके असत. मोठ्या डोक्याची टाचणी मधल्या भोकात खोचली की शून्य, लहान डोक्याची खोचली की एक. मोठी मधोमध ठेवून लहान टाचणी भोवतालच्या आठ भोकांपैकी कुठे बसवली, त्यावरून दोन ते नऊ हे अंक ठरत. भूमितीची आकृती हवी असली की टाचण्यांभोवती दोरा ताणायचा. बोटे फिरवत ते आकडेमोड करत आणि तोंडाने समजावून सांगत. सॉन्डरसन यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७४९ मध्ये, फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी अंधांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध पत्रात त्यांच्यावर लिहिले. या पाटीचा फायदा एकट्याने काम करणाऱ्यालाच होता, हेही खरे. समोरच्याला ती वाचता येत नसे. गणित सॉन्डरसन यांच्या बोटांखाली राही आणि श्रोत्यांपर्यंत फक्त शब्द पोचत.

अठराव्या शतकात केंब्रिजमध्ये गणिताच्या परीक्षेचे वजन हळूहळू कागदावर सरकले. लॅटिनमधले वाद उपचारापुरते उरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंद पडले. लंडन विद्यापीठ १८३६ मध्ये स्थापन झाले ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणूनच. त्याच धर्तीवर १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली. शिकवणे कॉलेजांनी, परीक्षा विद्यापीठाने. त्यामुळे मराठी मुलखात ‘परीक्षा’ म्हटले की डोळ्यांसमोर आली ती उत्तरपत्रिका, बैठक क्रमांक आणि तीन तासांची घंटा.

हा बदल इतिहासात प्रगती म्हणून नोंदला जातो आणि बऱ्याच अंशी ती प्रगती होतीही. परीक्षकाला विद्यार्थ्याचे घराणे, उच्चार, अंगकाठी काही दिसत नसे. तोतरेपणा असलेल्याला प्रथमच बरोबरीची संधी मिळाली. पण त्याच घटकेला अंध विद्यार्थ्यासमोर आणि हात न चालणाऱ्यासमोर भिंत उभी राहिली. या भिंतीतले दार म्हणजे लेखनिक. ‘रायटर’ या नावाने महाराष्ट्रातले विद्यार्थी ज्याला ओळखतात, तो शेजारी बसून सांगितलेले उतरवून घेणारा माणूस लेखी परीक्षेचे अपत्य आहे. तोंडी परीक्षेत त्याची गरजच नव्हती.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या हेलन केलर यांचे रॅडक्लिफ कॉलेजमधले दिवस या काळाचे चांगले चित्र देतात. १९०० मध्ये त्या तिथे दाखल झाल्या आणि १९०४ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन वर्गात शेजारी बसून प्राध्यापकांचे प्रत्येक वाक्य त्यांच्या तळहातावर बोटांनी लिहीत. हात ऐकण्यात गुंतल्यामुळे टिपणे घेता येत नसत, ती घरी गेल्यावर आठवून काढावी लागत. प्रवेशपरीक्षेत बीजगणिताची प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये आली आणि केलर यांना गणितातली चिन्हे इंग्लिश ब्रेलमधली माहीत होती. गणित येत होते, लिपी अडली. ज्ञान एक आणि ते मागण्याची रीत दुसरी, हा फरक पुढे शंभर वर्षांनी न्यायालयांत कीस पाडून चर्चिला गेला. परीक्षेच्या खोलीत तो त्या दिवसांतच उघडा पडला होता.

कर्णबधिरांची कथा वेगळ्या दिशेने गेली. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार १८६४ मध्ये लिंकन यांच्या सहीने मिळाला. तेच आजचे गॅलॉडेट विद्यापीठ. तिथे सगळा वर्ग हातांनी बोलत असल्याने सर्वांसमोर उभे राहून मांडणी करण्यात अडचण अशी नव्हतीच. अडचण श्रोत्यांच्या भाषेतून येते, हे त्या वर्गाने दाखवून दिले. पण कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेने खुणांच्या भाषेला शाळांतून हद्दपार करून ओठ वाचणे आणि उच्चार घोटणे यांवर भर दिला आणि पुढची कित्येक दशके मुलाला किती कळते यापेक्षा ते किती स्पष्ट बोलते यालाच महत्त्व आले. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ मध्ये निघाली, ती याच वाऱ्याच्या काळात. १९६८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इथे कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि कर्णबधिर विद्यार्थी ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने एकाच आवारात शिकू लागले. दुभाष्या आणि टिपणे घेणारा साहाय्यक ही पदे तिथे पक्की झाली.

मुंबईतच दादरची अंधशाळा १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी सुरू केली. लाहोरचा वेद मेहता हा मुलगा पाचेक वर्षांचा असताना घरापासून खूप दूर इथे धाडला गेला. मेंदूज्वराने त्याची दृष्टी चार वर्षांचा होण्याआधीच गेली होती. हाच मुलगा पुढे अर्कान्सॉच्या अंधशाळेतून कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात, तिथून ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात आणि मग हार्वर्डला गेला आणि ‘न्यूयॉर्कर’चा नामवंत लेखक झाला. पुस्तके वाचून दाखवणारे वाचक हा त्याच्या शिक्षणाचा आधार होता. दादरच्या दिवसांवर मेहता यांनी ‘वेदी’ हे पुस्तक लिहिले. ते १९८२ मध्ये आले. ऑक्सफर्डची पद्धत अशी की आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि एकट्या शिक्षकासमोर बसून त्यावर बोलायचे. श्रोता एकच आणि ओळखीचा. अपंग विद्यार्थ्याला ही मांडणी सर्वांत सोयीची, पण तीच सर्वांत महागडीही. भारतातल्या शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात ती परवडणारी नव्हती.

तोंडी रीत विद्यापीठात परत आली ती दोन वाटांनी. एक वाट जर्मनीची. बर्लिनमध्ये इतिहासकार रांके यांनी एकोणिसाव्या शतकात इतिहासाचा सेमिनार नावारूपाला आणला. मोजके विद्यार्थी एका टेबलाभोवती बसत, एक जण आपले संशोधन मांडी आणि बाकीचे ते सोलून काढत. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही पद्धत अमेरिकेत रुजवली. दुसरी वाट व्यवस्थापन शिक्षणाची. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९२० च्या दशकात प्रकरण-पद्धत (केस मेथड) मध्यवर्ती केली आणि वर्गात बोलण्यालाच गुण मिळू लागले. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली आणि तिच्यामार्फत हा शिरस्ता भारतात आला. आधी तो एम.बी.ए.पुरता होता. नंतर बी.एम.एस., मास मीडिया, अभियांत्रिकी असे करत करत बी.ए.च्या वर्गापर्यंत पोचला.

या दुसऱ्या वाटेवर ‘पॉवरपॉइंट’ आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ज्या लहानशा कंपनीत होते, तिने हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये मॅकिन्टॉशसाठी काढले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पुढच्या वीस वर्षांत सादरीकरण आणि स्लाइड हे शब्द अविभाज्य झाले. मराठी विद्यार्थी तर सादरीकरणालाच ‘पीपीटी’ म्हणतो. अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा उलटा फेरा होता. तोंडी परीक्षा ही त्याची जुनी मैत्रीण, पण आता तिच्या हातात चित्र, आलेख आणि बाण आले. त्याच्या मदतीलाही यंत्र आलेच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘जॉज’ हे महागडे सॉफ्टवेअर आणि २००६ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी सुरू केलेले मोफत ‘एनव्हीडीए’ यांच्यामुळे पीपीटी वाचता येऊ लागली. मात्र स्लाइडवर फोटोच्या रूपात डकवलेला तक्ता या आवाजाला केवळ ‘चित्र’ एवढाच कळतो. २००३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात सुरू झालेल्या दृष्टिबाधितांसाठीच्या साधन केंद्राने अशा गोष्टी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना शिकवण्याचे काम महाराष्ट्रात बरेच पुढे नेले.

गट ही या सगळ्यातली सर्वांत नवी आणि सर्वांत कमी तपासलेली गोष्ट. २०१० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत सत्र आणि श्रेयांक पद्धत आली, २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती देशभर नेण्याचा आग्रह धरला आणि अंतर्गत गुणांचा वाटा वाढला. ऐंशी मुलांचे प्रकल्प एकेकटे तपासण्यापेक्षा पंधरा गटांचे ऐकणे शिक्षकाला सोयीचे पडते, हे कारण परिपत्रकात लिहिलेले नसते. हजेरीपटाच्या क्रमाने गट पडतात. एक जण माहिती गोळा करतो, एक पीपीटी बनवतो, मग बोलण्याची वाटणी होते. इथे अपंग विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा दोनच गोष्टी येतात: सुरुवातीचे ‘आजचा आमचा विषय’ किंवा शेवटचे आभार. नकार कोणी देत नाही. ‘तुला त्रास नको’ असे म्हणूनच काम काढून घेतले जाते. लेखनिक नेमताना नियम असतो, गटात मात्र सोबत्यांची मर्जी असते.

त्यावर विद्यार्थ्यांनी ज्या युक्त्या काढल्या, त्या कोणत्याही नियमावलीपेक्षा बारकाईच्या आहेत. अंध विद्यार्थी स्लाइडचा क्रम पाठ करतो आणि आपल्या वाट्याचे पहिले वाक्य असे बांधतो की स्लाइड बदलणाऱ्याला तोच इशारा व्हावा. एक जण डाव्या हाताने ब्रेलची टिपणे चाचपत बोलतो, दुसरा एकाच कानात इअरफोन घालून यंत्राचा आवाज ऐकत त्याच ओघात बोलतो. ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी साधायला महिनोन्‌महिने लागतात. कर्णबधिर विद्यार्थ्यासोबत दुभाष्या असेल तर तो बोलण्याच्या मागे काही सेकंद राहतोच, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी बोलायचे नाही आणि प्रश्न विचारणाऱ्याने आधी हात वर करायचा, एवढे ठरवले तरी निम्मे काम होते. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याची गाठ बहुतेकदा व्यासपीठाच्या दोन पायऱ्यांशी पडते. मग गट वर आणि तो खाली, असे चित्र तयार होते. शहाणा गट सगळ्यांनाच खाली उभा करतो.

बोलणेच शरीराला पेलत नसेल तेव्हा काय होते, याचा दाखला सॉन्डरसन यांच्याच आसनावर १९७९ ते २००९ बसलेल्या स्टीफन हॉकिंग यांचा. १९८५ पर्यंत त्यांचे अस्पष्ट बोल जवळच्या काही जणांनाच कळत आणि त्यांची चर्चासत्रे मदतनीस शब्द पुन्हा स्पष्टपणे उच्चारून पार पाडत. त्या वर्षी न्यूमोनियानंतर श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि उरलासुरला आवाज गेला. पुढे संगणकावर शब्द निवडून यंत्राकडून ते बोलून घेत. सुरुवातीचा वेग मिनिटाला साधारण पंधरा शब्द. व्याख्यान आधी लिहून साठवता येई आणि वाक्यावाक्याने सोडता येई, त्यामुळे ते ओघवते वाटे. प्रश्नाला उत्तर द्यायचे तर मात्र सभागृह मिनिटेच्या मिनिटे थांबे. जग त्यांच्यासाठी थांबले. पंधरा मिनिटांच्या गट-सादरीकरणात पाच मिनिटे प्रश्नांची असतात, त्यात कोणासाठी थांबणे बसत नाही.

हक्काची भाषा अमेरिकेत १९६० च्या दशकात सुरू झाली. पोलिओमुळे मानेखाली हालचाल नसलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात आले आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात राहून शिकले. त्यांच्या पाठोपाठ आलेल्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवत चळवळ उभी केली आणि १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू करायला लावला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ ने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना भेदभावाची बंदी केली. पण १९७९ मध्ये ऐकू न येणाऱ्या एका महिलेला नर्सिंगचा प्रवेश नाकारण्याच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजची बाजू घेतली. अभ्यासक्रमाचा गाभा बदलण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. गाभा कोणता आणि सवय कोणती, ही खरी मेख तेव्हापासून आहे.

भारतात १९९५ च्या कायद्याने उच्च शिक्षणात ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्याने ५ टक्के जागा राखीव झाल्या. अपंगत्वाचे प्रकारही ७ वरून २१ झाले, त्यात वाचादोष आणि आत्ममग्नता आले. २०१६ च्या कायद्याचे कलम १७ परीक्षापद्धतीत बदल करायला सांगते. उदाहरणे देते ती जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची. केंद्राच्या २०१३ आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ इतक्या नेमकेपणाने बोलल्या, पण त्या लेखी परीक्षेसाठीच होत्या. न्यायालयांनी हीच चौकट रुंदावली: फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना पेटके येण्याचा त्रास असलेल्या उमेदवाराला, किमान ४० टक्के अपंगत्वाची अट न लावता, लेखनिक दिला. १८५७ पासून परीक्षा म्हणजे कागद, हे समीकरण कायद्याच्या अंगातही मुरलेले दिसते.

गट-सादरीकरणाचा मुद्दा थेट न्यायालयात आला तो इंग्लंडमध्ये, एका दुःखद घटनेनंतर. ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या, समाजभयाच्या विकाराने ग्रस्त असलेल्या विद्यार्थिनीला प्रयोगानंतरच्या तोंडी मुलाखती झेपत नव्हत्या आणि त्यात तिचे गुण जात होते. एप्रिल २०१८ मध्ये ३२९ आसनांच्या सभागृहात गटासोबत सादरीकरण करायचे होते, त्याच दिवशी तिने जीवन संपवले. २०२२ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाने समानता कायद्याचा भंग केल्याचे ठरवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम केले. विद्यापीठाचे म्हणणे असे होते की बोलून समजावणे हीच तपासायची क्षमता आहे. न्यायालयाने वेगळे पाहिले: प्रयोग कळला की नाही ही क्षमता, मुलाखत ही ती मोजण्याची एक पद्धत. पद्धत बदलता येते. हेलन केलर यांच्या बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेतली गाठ इथे कायद्याच्या शब्दांत सुटली.

भारतात याच्या जवळ जाणारे प्रकरण महाराष्ट्रातून गेले. वाचा आणि भाषेचे ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याला नियमावर बोट ठेवून एम.बी.बी.एस.चा प्रवेश नाकारण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरच्या अपिलात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टक्केवारीचा आकडा एकट्याने कोणालाही अपात्र ठरवत नाही. तो विद्यार्थी हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहायला हवे. वैद्यकीय शिक्षणात तोंडी परीक्षा पावलोपावली असते, त्यामुळे या निकालाचा उपयोग पुढे व्हायव्हाच्या टेबलापर्यंत पोचू शकतो.

प्रत्यक्षात सध्या चालतात ते उपाय साधे आहेत. घरी चित्रित केलेले सादरीकरण वर्गात लावणे, वर्गाऐवजी फक्त शिक्षक आणि गट यांच्यासमोर बोलणे, यंत्राच्या किंवा सोबत्याच्या आवाजात आपला भाग मांडणे, प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या दिवशी लेखी देणे. गुणपत्रकातले ‘नजरेला नजर’ आणि ‘देहबोली’ हे रकाने गाळणे हाही एक उपाय. अंध किंवा आत्ममग्न विद्यार्थ्याचे हमखास गुण तिथेच जातात. वकिलीच्या अभ्यासातला मूट कोर्ट किंवा बी.एड.चा सराव पाठ यांत मात्र बोलणे हाच विषय असल्याने असे बदल जपून करावे लागतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत लेखनिकाचा अर्ज परीक्षा विभागात प्रमाणपत्रासह द्यायचा असतो आणि त्याची ठरलेली वाट आहे. गट-सादरीकरणातली सवलत बहुतांशी त्या विषयाच्या शिक्षकाशी बोलूनच मिळवावी लागते, आणि तीही गट पडण्याआधी, कारण एकदा यादी लागली की कोणी काय बोलायचे ते मुलांनी आपसात ठरवलेले असते.